टॅलिन : पुतळा आणि पासवर्ड

फ्रीलान्सर असण्याचा फायदा? रजेचा अर्ज नाही. तोटा? तिकिटाचे पैसे आपलेच! तरी हेलसिंकीहून फेरी पकडली आणि दोनेक तासांत टॅलिन, इस्टोनियाची राजधानी. एका संपादकांना 'डिजिटल स्वर्ग' टाइप स्टोरी हवी होती.

मसाला भरपूर. स्काइपचं सॉफ्टवेअर २००३मध्ये इथल्याच पोरांनी लिहिलं. (ते २०२५मध्ये बंद पडलं, पण अमेरिकेतल्या लेकाशी फुकट बोलायला आपल्याकडचे किती आईबाबा त्याच्यामुळे कम्प्युटरसमोर बसले!) २००५पासून इथे मतदानही घरबसल्या ऑनलाइन. आणि चौकातलं औषधांचं दुकान मात्र निदान १४२२पासूनचं. बोला!

पण मला बघायचा होता सोव्हिएत काळातला ब्राँझचा सैनिक. एप्रिल २००७मध्ये सरकारने तो शहराच्या मध्यातून लष्करी दफनभूमीत हलवला. रशियन भाषिक चिडले, दंगल पेटली आणि पाठोपाठ सायबर हल्ले. बँका, वर्तमानपत्रं, सरकारी साइट्स, सगळ्यांना फटका. तेव्हा मी नोकरीत होतो. डेस्कवर ती बातमी मीच चार ओळींत बसवली होती, क्रिकेटला जागा हवी म्हणून.

सैनिक हातात हेल्मेट घेऊन, मान खाली घालून उभा आहे. एक आजी आल्या, पायाशी फुलं ठेवली, माझ्याशी रशियनमध्ये काहीतरी बोलल्या. मला ओ की ठो कळलं नाही. नुसती मान हलवली.

रात्री हॉटेलात स्टोरी लिहिली, सुरुवात आजींपासून. संपादकांचा मेल आला : 'छान आहे, पण पुतळ्याचं चार ओळींत उरकता येईल का?'