हेडस्टॉक

गेल्या महिन्यात एकदाची इलेक्ट्रिक गिटार घेतली. आयबानेझ. खोकं उघडलं तेव्हा बाबा चष्मा लावून तपासणीला हजर.

"नाव कुठलं रे हे?"

"स्पॅनिश."

"म्हणजे स्पेनची कंपनी?"

"नाही, जपानची."

बाबांनी गिटार उलटी केली. "इथे तर मेड इन इंडोनेशिया लिहिलंय."

आता काय बोलणार! मग तो शनिवार गिटार वाजवायची सोडून तिचं कूळ शोधण्यात गेला. (आमचं हे नेहमीचंच. नवीन मिक्सर आणला तरी आधी मॅन्युअल.)

तर मंडळी, गोष्ट सुरू होते नागोया शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात. होशिनो शोतेन. १९०८ मध्ये या दुकानाने वाद्यांचा विभाग काढला, तोच पुढे होशिनो गाक्की झाला. १९२९ पासून ते स्पेनहून साल्वादोर इबान्येझ या नावाच्या गिटारी मागवू लागले. पुढे १९३५ च्या सुमारास स्वतःच बनवायला घेतल्या आणि नाव ठेवलं तेच! त्याच इबान्येझचं आपण आयबानेझ केलं. थोडक्यात काय, पहिल्या दिवसापासून नाव उसनं.

पुढे रॉकचा जमाना आला. इलेक्ट्रिक गिटार सगळ्यांनाच हवी, पण अमेरिकन गिब्सन आणि फेंडर कोणाला परवडणार? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला होशिनोने मात्सुमोतो गावच्या फुजीगेन या कारखान्याकडून अमेरिकन गिटारींच्या कॉप्या बनवून घ्यायला सुरुवात केली. फुजीगेन १९६० मध्ये सुरू झालेला. गिब्सनची लेस पॉल घ्या, दिसायला डिट्टो. फरक आत. गिब्सनचा नेक बॉडीत सांधा करून चिकटवलेला असतो, यांचा सुरुवातीला बोल्टने कसलेला. बाहेरचं रूप आधी उचललं, आतली कारागिरी मागून आली. पण आली! काही वर्षांत हेही नेक चिकटवायला लागले आणि वाजवणारे म्हणायला लागले की माल चांगला आहे.

मग व्हायचं तेच झालं. जून १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉरलिनने, फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा ठोकला. आयबानेझ अमेरिकेत विकणाऱ्या एल्जर कंपनीवर. भांडण हेडस्टॉकवरून, म्हणजे गिटारच्या टोकाला तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या भागावरून. गिब्सनच्या हेडस्टॉकची वरची कड उघड्या पुस्तकासारखी असते, तीच यांनी उचललेली. पुस्तकाच्या दुकानातून निघालेली कंपनी पुस्तकाच्याच आकारापायी कोर्टात! :)

१९७८ मध्ये आपसात मिटलं. पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. दावा लागला त्याआधीच यांनी हेडस्टॉक बदललेला होता. आइसमन हे स्वतःचं मॉडेल तर १९७५ पासूनच होतं. पुढे जॉर्ज बेन्सनसारख्या जॅझवाल्यासाठी गिटार केली, १९८७ मध्ये स्टीव्ह वायबरोबर जेम आणली. आणि १९८२ मध्ये फेंडर जपान सुरू झाली तेव्हा तिच्या गिटारी बनवायचं काम कोणाकडे गेलं? फुजीगेनकडे. कॉप्या करणाऱ्यांच्या दारात ओरिजिनलवाला!

हे वाचताना सारखं ऑफिस आठवत होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सरळ कोड उचलायचो, सिनियरचा नाहीतर नेटवरचा. कळो न कळो, चालला की झालं. बोल्ट कसला, दिली डिलिव्हरी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो कोड तसा का लिहिलाय ते कळायला लागलं. आता पाच वर्षं झाली. काम चोख करतो असं सगळे म्हणतात. पण यंदाच्या अप्रेझलला मॅनेजरने सहज विचारलं, "यातलं तुझं स्वतःचं डिझाइन कुठलं?" आणि मी गप्प. स्क्रीनकडे बघत बसलो. एकही दाखवता येईना.

कॉपी केल्याची लाज वाटत नाही. हात तसाच बसतो, गिटारवरही आणि कीबोर्डवरही. लाज वाटली ती याची की हेडस्टॉक बदलायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. कोणी दावा ठोकत नाही तोवर चाललंय की!

असो. गेले दोन वीकेंड एक छोटंसं ॲप लिहितोय. मी वाजवताना ते ऐकतं आणि लय कुठे घसरली ते सांगतं. अशी ॲप्स ढिगाने आहेत, मला ठाऊक आहे. पण यात काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे पहिल्यांदाच मी ठरवतोय, आणि खरं सांगू, ते कोड लिहिण्यापेक्षा अवघड आहे. काल चार तास बसून एकच स्क्रीन झाला, तोही सकाळी उठून पुसून टाकला.

परवा बाबांनी विचारलं, "मग, वाजवायला कधी येणार?"

म्हटलं, "बाबा, अजून बोल्टच कसतोय."