झाकली मूठ किती दिवसांची?

आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलाने परवा विचारलं, "सर, लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही. मग त्यात भगदाड सापडलं तर सांगायचं कुणाला?" प्रश्न मला आवडला. गेली बरीच वर्षं माझं पोट लिनक्सच्या सर्व्हरांवर चालतंय, त्यामुळे उत्तरही जरा लांबलं. म्हटलं, इथे लिहूनच टाकावं.

कर्नल म्हणजे यंत्र आणि बाकीचे सगळे प्रोग्रॅम यांच्या मधला कारभारी. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. त्याच्यात खोट निघाली की अख्खं घर उघडं. आणि अशा खोटेची पंचाईत ही, की चारचौघांत ओरडून सांगितलं तर किल्लीवाल्यालाही ऐकू जातं आणि चोरालाही.

२००५ पर्यंत कर्नलसाठी म्हणून असा ठरलेला पत्ताच नव्हता. लिनक्स वाटणाऱ्या कंपन्या आणि गट 'व्हेंडर-सेक' नावाच्या एका बंद मेलिंग लिस्टवर आपसात बोलत. त्या वर्षी जानेवारीत क्रिस राइट यांनी कर्नलचा स्वतःचा सुरक्षा-संपर्क असावा असं सुचवलं. पत्ता असावा यावर कुणाचं फारसं दुमत नव्हतं. वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून : कळल्यावर गप्प किती दिवस बसायचं? वाटपवाल्यांचं म्हणणं, आम्हाला दुरुस्ती बांधायला, तपासायला वेळ हवा. लिनस टोरवाल्ड्सना मात्र लांबलचक गुपितं मुळातच नापसंत.

मला गंमत वाटते ती इथे. स्वयंसेवकांचं सुरक्षा पथक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गस्त येते, शिट्ट्या, कंदील वगैरे. प्रत्यक्षात या पथकाचं खरं काम गप्प बसण्याची मुदत पाळणं हेच आहे. नियम थोडक्यात असे : दुरुस्ती तयार झाली की ती शक्य तितक्या लवकर बाहेर काढायची. कुणी विनंती केलीच तर सात दिवस थांबायचं, फारच अपवाद असेल तर चौदा. गुप्ततेचा करार कुणाशीही करायचा नाही, कारण हे पथक म्हणजे कुठली नोंदणीकृत संस्थाच नाही. माणसं पोटासाठी वेगवेगळ्या कंपन्यांत असली तरी इथे स्वतःच्या नावावर बसतात. आज माझ्या कंपनीला आधी सांगतो, असं चालत नाही. एवढ्याशा नियमांवर जगभरचे सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन विसंबून आहेत!

उदाहरणच द्यायचं तर 'डर्टी पाइप'चं. जर्मनीतला प्रोग्रॅमर मॅक्स केलरमन. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्याकडे एक किरकोळ तक्रार आली, की एक लॉग फाइल उघडत नाही, तिचे शेवटचे काही बाइट बिघडलेत. अशा फाइली पुढेही निघत राहिल्या. खणता खणता १९ फेब्रुवारी २०२२ ला त्याला कळलं की दोष कर्नलमध्येच आहे, आणि तोही असा की जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यात कुणीही साधा वापरकर्ता लिहू शकतो. २० तारखेला त्याने पथकाला कळवलं, सोबत दुरुस्तीही दिली. दुरुस्ती किती? दोन ओळींची. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सल्ल्याने ती उघडपणे मांडली गेली आणि २३ तारखेला नव्या आवृत्त्या बाहेर पडल्या. तीन दिवसांत! फक्त एक झालं. दुरुस्तीच्या टिपणात एवढंच होतं की अमुक ठिकाणी एक किंमत भरायची राहिली होती. तिने काय काय करता आलं असतं, हे जगाला कळलं ७ मार्चला.

म्हणजे बारा दिवस औषध दुकानात होतं, पण रोगाचं नाव बाटलीवर नव्हतं. यावर लोक भांडतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दोन ओळी वाचून अर्थ काढणारा हुशार चोरही असतोच की. पण उलट बाजूही पाहा. 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या प्रोसेसरमधल्या दोषांचं गुपित २०१७ च्या मध्यापासून मोजक्या लोकांत राखलं होतं. ९ जानेवारी २०१८ ही तारीख ठरलेली. पण कर्नलमध्ये घाईने येणारे बदल बघून लोकांनी तर्क लढवले आणि ३ जानेवारीलाच सगळं बाहेर आलं. जे त्या मोजक्यांत नव्हते त्यांची धावपळ झाली ती वेगळीच. आणि ती 'व्हेंडर-सेक'? तिच्याच सर्व्हरमध्ये कुणी शिरल्याचं उघड झालं आणि २०११ मध्ये ती बंद पडली. जिथे सगळी गुपितं एकत्र ठेवलेली असतात तिथे चोर आधी जातो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे ती सात दिवसांचीच. त्यापुढे तिची किंमत उतरत जाते, कारण दुसरा कुणीतरी तेच भगदाड शोधतच असतो.

तेव्हा उद्या तुमच्या छोट्याशा मुक्त प्रकल्पासाठी असं पथक उभं करायची वेळ आली, तर माणसं जमवण्याआधी मुदत ठरवा आणि ती लिहून सगळ्यांपुढे ठेवा. चांगली माणसं भिडेला बळी पडतात. "अजून चार दिवस द्या हो" असं ओळखीच्याने म्हटलं की नाही म्हणवत नाही. लिहिलेल्या नियमाला भीड नसते.

आणि तुमच्या-माझ्यासारख्या, कुठल्याच यादीत नसलेल्यांनी काय करायचं? फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले सीव्हीई क्रमांक स्वतःच देतात, आणि ते हजारोंनी देतात. त्यांचं म्हणणं, कर्नलमधली कुठली चूक उद्या कशी वापरली जाईल हे आज सांगता येत नाही. मग मोठ्या नावाच्या बातमीची वाट कशाला पाहायची? त्या मुलाला मी शेवटी एवढंच सांगितलं : नवी आवृत्ती आली की चाचणी घे आणि चढव. दुरुस्तीवर "ही महत्त्वाची" अशी चिठ्ठी डकवलेली असेलच असं नाही.