चुकलेल्या गोळीचे घर

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक मिळवले. चार दिवसांनी, 1 ऑगस्टला, कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवले. स्वप्निल मध्य रेल्वेत नोकरीला, आणि भुसावळ हे रेल्वेचेच गाव. त्यामुळे दीपनगरपर्यंत त्याचे कौतुक पोहोचले. आमच्या मुलीने त्याच आठवड्यात पिस्तुलाचा हट्ट धरला.

आम्ही आधी पोलीस ठाण्यात जाऊन नियम विचारले, मग पिस्तूल आणले. पुढच्या खोलीपासून मागच्या अंगणाच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरले. भिंतीला प्लायवूडची फळी टेकवली, तिच्यावर कागदी लक्ष्य चिकटवले. झाली आमची रेंज!

दुसऱ्याच दिवशी एक छर्रा फळीवरून उलटा आला आणि नानींच्या पायापाशी पडला. चपटा झालेला, 4.5 मिलिमीटरचा शिशाचा दाणा. नानींनी तो उचलून पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "पहले चूकी हुई गोली का घर बनाओ."

आम्हाला शरम वाटली. उभ्या आयुष्यात वीजकेंद्रात सुरक्षेचे फलक वाचले, आणि घरात मात्र विसरलो.

मग वेल्डिंगवाल्याकडून तीन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा आणला. दोन फूट लांब-रुंद पेटी केली. पत्रा आत पंचेचाळीस अंशांत बसवला, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे छर्रा आदळून खालीच जातो. सरळ उभ्या पत्र्यावरून तो मागे उसळू शकतो. तळाला वाळू, पत्र्यापुढे जुनी गोधडी सैल टांगलेली. तोंडाला केळीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर लक्ष्य. मध्य जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर. पेटीच्या मागे आणि बाजूंना राखेच्या विटांची भिंत. आमच्याच केंद्राच्या कोळशाची राख अशी कामी आली!

बाकीचे नियम नानींनी केले. नेम चालू असताना स्वयंपाकघराच्या दाराला कडी. सर्वांच्या डोळ्यांना चष्मा. पोलादी गोळ्या घरात नकोतच, त्या फार उसळतात. पिस्तूल एका कुलपात, छर्रे दुसऱ्या. शिसे विषारी, म्हणून झाडू नको, ओले फडके. आणि साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही. लहान पोरांना पेटीजवळ मनाई.

पण एक भिंत राहिली होती. गल्लीत कुजबुज सुरू झाली. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलेच, "भाई, तुमच्या घरात गोळ्या चालतात म्हणे?" प्रश्नात रागापेक्षा भीती जास्त होती. आमच्यासारख्यांच्या घरात पिस्तूल, हे ऐकून लोकांना काय काय वाटते, ते आम्ही जाणून होतो. आम्हाला वाईट वाटले, पण रुसून बसण्यात अर्थ नव्हता. म्हणालो, "काकू, आत या. आधी पेटी बघा, मग पिस्तूल."

काकू आल्या. गोधडी उचलून पाहिली, वाळूत बोटे घातली, पत्र्यावर टिचकी मारली. मुलीने दहा नेम मारले. तीन तर काळ्या वर्तुळाबाहेर गेले. काकूंनी विचारले, "चुकलेले कुठे गेले गं?" मुलीने पेटी दाखवली. पुढच्या रविवारी काकू आपल्या नातवाला घेऊन आल्या.

बीजिंगला 2008 मध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राला वडिलांनी घरच्या आवारात रेंज बांधून दिली होती. आमची ऐपत एका पेटीची. तिथून पदक निघेल की नाही, अल्लाह जाणे. मुलीचे नेम अजूनही चुकतात. पण चुकलेला छर्रा कुठे थांबेल, हे आता आम्हाला ठाऊक आहे, आणि शेजारच्या काकूंनाही.