मेथीच्या मुळांना माणूस ओळखता येतो, म्हणजे जीवाणू!

मेथीची जुडी निवडताना मुळं कापून थेट कचऱ्यात टाकू नका! आधी पाण्यात हलक्या हातानं धुवा आणि उजेडात धरा. दादरच्या भाजीबाजारातून मोठ्या पानांची, मुळांसकट मेथी आणली, तर बारीक तंतूंवर खसखशीहून थोड्या मोठ्या गाठी दिसल्या. एक नखानं फोडली आणि आत चक्क गुलाबी! पालेभाजीच्या मुळात गुलाबी रंग! तो लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलत भावंडाचा. गाठीत राहणारे जीवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात, पण ते काम करणारं त्यांचं विकर ऑक्सिजननं निकामी होतं. म्हणून हे गुलाबी प्रथिन मोकळा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जीवाणूंना श्वसनापुरताच पोचवतं. (वाळूत उगवलेल्या इवल्या समुद्रमेथीत हे शोधू नका; ती गाठी धरायच्या आतच आपल्या ताटात येते.)

पण मला वेड लावलं ते पुढच्या प्रश्नानं. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात, त्यांत रोग करणारेही. मग नेमका हाच आत कसा आला?

दोघं एकमेकांना पारखून घेतात! शेंगवर्गीय झाडांची मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं मातीत सोडतात. मेथीचा जोडीदार एन्सिफर मेलिलोटी. मेथीच्याच गोतातल्या लसूणघासाचं ल्युटिओलिन हे द्रव्य त्याची जनुकं जागी करतं, हे १९८६मध्ये कळलं. मग जीवाणू उलट निरोप धाडतो: ‘नॉड फॅक्टर’ नावाचा रेणू. त्याची रचना १९९०मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उलगडली आणि ती वाचून मी थक्क झालो. त्याचा कणा कायटिनचा! बुरशीच्या कवचात असतं तेच कायटिन, ज्याची चाहूल लागताच झाड लढायला उभं राहतं. फरक एवढाच की साखळी चार-पाच कड्यांची, एका टोकाला मेदाम्लाची शेपटी आणि दुसऱ्या टोकाला सल्फेट. ते सल्फेट काढून टाकलं, तर लसूणघास दाद देत नाही! चाळीत जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलंय ते ओळखतात ना, तितकी नेमकी ही पारख.

ओळख पटली की मूलरोमाच्या पेशीकेंद्रात कॅल्शियमची पातळी ठेक्यात वरखाली होऊ लागते. मूलरोम वळून जीवाणूला कवेत घेतो, त्याच्यासाठी आत एक नळी तयार होते आणि खाली गाठ आकार घेते.

लालबाग-परळमधल्या कितीतरी घरांची मुळं कोकणात आहेत. तिथं भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. वाल गाठी धरतो, भात धरत नाही. पण भाताच्या मुळांशी मैत्री करणाऱ्या उपकारक बुरश्या आहेत, आणि त्यांचा निरोप पेशीत पोचवणारी बरीच जनुकं तीच आहेत, जी शेंगवर्गीय झाडं जीवाणूंसाठी वापरतात! म्हणजे अर्धी वाट भातात आधीपासूनच आहे. उरलेली अर्धी तृणधान्यांत घडवता येईल का, यावर आज जगभर प्रयोग चालले आहेत. उद्या भातानं स्वतःचा नायट्रोजन स्वतः मिळवला, तर युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचं केवढं ओझं उतरेल!