विहिरीतला सर्फर

आमच्या धाराशिव जिल्ह्यात 'लाट' म्हटलं की एकच लाट आठवते... उन्हाची! मार्च संपता संपता ती येते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत हलायचं नाव घेत नाही. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पुढे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरचा माल भडोचच्या बंदरातून परदेशी जायचा म्हणतात, पण आमच्या घरात मात्र माझ्या आधी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. अशा घरातल्या पोराला सर्फिंगचं वेड लागावं, याला काय म्हणावं?

या वेडाचं मूळ म्हणजे माझा रूम पार्टनर. सेकंड इयरच्या सबमिशनची रात्र होती. दोन वाजले होते. जर्नल उतरवता उतरवता त्यानं मोबाईल माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "हे बघ लेका!" पोर्तुगालमधलं नाझारे नावाचं गाव, कड्यावर दीपगृह, त्याच्याभोवती मुंग्यांसारखी माणसं, आणि मागून उठत जाणारी पाण्याची भिंत. त्या भिंतीवरून एक माणूस फळीवर उभा राहून खाली घसरत येतोय! २०११ साली गॅरेट मॅकनमारा तिथं ७८ फुटी लाटेवरून उतरला. २०२० मध्ये सेबास्टियन श्टॉइटनरनं ८६ फुटी लाट घेतली. आपलं तीन मजली होस्टेल एकावर एक दोनदा ठेवलं तरी ही लाट वर उरेल.

जर्नल राहिलं बाजूला. पहाटे पाचपर्यंत व्हिडिओ चालू! पुढं तर नादच लागला. मेसमध्ये व्हिडिओ, पीएलमध्ये व्हिडिओ. सर्फिंग आणि कॅमेरा यांची दोस्ती जुनी आहे, हे तेव्हाच कळलं. १९६६ साली ब्रूस ब्राऊनचा 'द एंडलेस समर' जगभर दाखवला गेला. त्यात दोन पोरं उन्हाळ्याच्या मागोमाग देशोदेशीच्या लाटा शोधत फिरतात. तो बघून कित्येकांनी फळी उचलली. आणि ज्या गोप्रो कॅमेऱ्यावर आज आपली पोरं बुलेटवरून लडाखचे व्हिडिओ काढतात, त्या कंपनीचा जन्मही सर्फिंगमधलाच. लाटेवर असतानाचा आपला फोटो कसा काढायचा, या निक वुडमनच्या खटपटीतून २००२ साली ती सुरू झाली. म्हणजे गरज, मग डिझाईन, मग प्रॉडक्ट. आपल्या प्रोजेक्टचं मात्र नेमकं उलटं असतं... असो!

व्हिडिओ बघून मला वाटायचं, आपल्यालाही जमेल. कारण मला पोहता येतं. पोहता कसलं, आमच्याकडे त्याला 'पवणं' म्हणतात. आठवीत असताना आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत आजोबांनी, पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला विहिरीत ढकललं होतं. आठ दिवसांत डबा सुटला, पंधरा दिवसांत मी कठड्यावरून मुटका मारायला लागलो. आप्पांची शिकवण एकच असायची, "दमलास तर उताणा पड. पाणी कुणाला बुडवत नसतंय, माणूस भिऊन बुडतंय." तेव्हा हे वाक्य एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं विहिरीत सोडून दिलं.

थर्ड इयरची परीक्षा झाली. सुट्टीत आम्ही तिघं सोलापूरहून रात्रीची गाडी पकडून गोव्याला गेलो. उत्तर गोव्यात सर्फिंग शिकवणाऱ्या शाळा आहेत. दोन दिवसांचा क्लास ठरवला होता. क्लास दुसऱ्या दिवशी सकाळी होता, पण मला कुठला दम निघतोय! संध्याकाळीच किनाऱ्यावर गेलो. लाटा लहानच, कमरेएवढ्या. तरी त्यांच्या फेसात शिरायला नको वाटलं. मी सगळीकडं बघून एक शांत जागा निवडली. तिथं लाटा फुटतच नव्हत्या. अगदी आमच्या विहिरीसारखं पाणी! मित्रांना म्हटलं, "बघा आता."

मित्रांनो, माझी चूक नेमकी इथंच झाली. लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधतं. वाळूत जिथं खोलगट चर असतो तिथून ते चिंचोळ्या ओढीनं आत जातं. तिथं खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून ती जागा शांत दिसते. विहिरीत शिकलेला माणूस बरोबर तीच जागा निवडतो!

वळून पाहिलं तर मित्र लहान दिसत होते. किनाऱ्याकडे हात मारायला लागलो. दहा हात मारले, वीस मारले, किनारा काही जवळ येईना. छाती भरून आली, तोंडात खारट पाणी गेलं. खरं सांगतो, त्या क्षणी एकही व्हिडिओ आठवला नाही. आठवले ते आप्पा. उताणा पडलो. आकाश दिसलं. श्वास जागेवर आला. ओढ मला आत नेत होती, पण खाली खेचत नव्हती! मग किनाऱ्याला समांतर, हळूहळू आडवं पोहत गेलो. थोड्या वेळानं लाटा फुटत होत्या त्या भागात पोचलो आणि त्यांनीच मला ढकलत बाहेर आणलं. तोवर जीवरक्षक शिट्टी वाजवत पाण्यात उतरला होता. त्यानं दिलेल्या शिव्या संपादक मंडळ छापणार नाही. शेवटी त्यानं लाल-पिवळ्या झेंड्यांकडे बोट दाखवलं. "त्या दोन झेंड्यांच्या मधे पोहायचं असतं. दिसत नाहीत काय?" खरंच दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी क्लासला गेलो ते मान खाली घालून. पहिला तास तर पाण्यातच नाही! वाळूवर फळीचा आकार काढून त्यावर पालथं पडायचं, हात मारायचे, एका झटक्यात उभं राहायचं. मग पाण्यात. फ्लुइड मेकॅनिक्सचं गणित डोक्यात होतंच... एक मीटरची लाट साधारण सव्वा मीटर खोलीवर फुटते, तेव्हा तिचा वेग ताशी बारा-तेरा किलोमीटर असतो, आणि फळीला तो वेग गाठावा लागतो. सूत्र येत होतं, फळी येत नव्हती! नाकात पाणी, गुडघे सोललेले, खांदे इतके दुखत होते की जेवताना घास तोंडापर्यंत न्यायला दुसरा हात लावावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी, चाळीसेक वेळा पडल्यावर, शिकवणारा ओरडला, "पाय बघू नकोस, किनारा बघ!" आणि मी उभा राहिलो. तीन सेकंद. पण काय सांगू, पायाखालून समुद्र धावत होता!

ते तीन सेकंद मित्रानं मोबाईलवर टिपले. मी स्टेटसला ठेवले. होस्टेलवर आलो तर ज्युनिअर्स दारात उभे. "दादा, एकदम सोप्पं दिसतंय की!" मी गारच पडलो. त्या व्हिडिओत चाळीस वेळा पडणं नव्हतं, आदली संध्याकाळ तर नव्हतीच. मला ज्या व्हिडिओंनी नादी लावलं, तसाच एक मीही करून ठेवला होता.

व्हिडिओंना मी नावं ठेवत नाही. ते नसते तर माझ्यासारख्याला हा खेळ कळलाही नसता. ब्राझीलचा इटालो फरेरा वडिलांच्या मासळीच्या पेटीच्या झाकणावर सर्फिंग शिकला आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सोनं घेऊन गेला. २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत आपल्या रमेश बुदिहाळनं ब्राँझ मिळवलं. हे बघून अंगावर काटा येतोच. पण इटालोच्या दारात समुद्र होता. आपल्या दारात टँकर येतो. आपल्याला समुद्र वर्षातून एकदा भेटतो, तोही ट्रिपमध्ये, सगळे जोशात असताना. २०१६ साली मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आपल्याच वयाचे होते.

यंदाही ओरल्स संपल्या की कुणीतरी कोकणचा प्लॅन काढेलच. जरूर जा. फक्त झेंडे आधी शोधा, स्थानिक माणसाला विचारा, आणि समुद्रातल्या शांत जागेवर भरवसा ठेवू नका. ओढीत सापडलात तर भांडू नका. उताणे पडा, हात वर करा, मग आडवे निघा.

आप्पा आता थकलेत. गोव्याचा किस्सा त्यांना सांगितला तेव्हा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उताणा पडलास नव्हं? मग झालं." या वर्षी पाऊस बरा झालाय, विहिरीला अजून पाणी आहे. होस्टेलमधल्या ज्यांना पवायला येत नाही त्यांनी रविवारी सकाळी माझ्या रूमवर यावं. पत्र्याचा डबा मी घरून आणून ठेवलाय!