उत्तर राखून ठेवा

मित्राला गणिती कोडं घालणं म्हणजे आपली हुशारी मिरवणं, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. सुटलेलं कोडं आपल्याजवळ राहिलं, तर त्याचं नुसतं उत्तर उरतं. दुसऱ्यापुढे ठेवलं की ते पुन्हा प्रश्न होतं आणि कधीकधी आपल्याला दिसली नव्हती अशी वाट दाखवतं. १९१४ साली केंब्रिजमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ‘स्ट्रँड’ मासिकातलं एक कोडं रामानुजन यांना वाचून दाखवलं. एका रस्त्यावर ओळीने घरं, क्रमांक १ पासून. एका घराच्या डावीकडच्या क्रमांकांची बेरीज उजवीकडच्या बेरजेइतकीच भरते. घरं पन्नासहून जास्त, पाचशेहून कमी. महालनोबिसांना उत्तर सापडलं होतं : एकूण घरं २८८, ते घर २०४ क्रमांकाचं. रामानुजन यांनी मात्र चुलीवरची भाजी ढवळता ढवळता अशी एकच मांडणी सांगितली, की पन्नास-पाचशेची अट काढली तरी सगळी उत्तरं तिच्यातून क्रमाने निघतात. त्यांतलं एक तर तोंडी पडताळता येतं : आठ घरं, सहावं घर, दोन्हीकडे बेरीज पंधरा. कोडं एकच, पण दोघांनी त्यात दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या.

रामानुजन यांच्यासारखा मित्र कुणाला मिळणार, असं कुणी म्हणेल. पण देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय कापरेकर यांचा १९४९ सालचा शोध बघा. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४; आणि तिथून पुढे हलायचंच नाही. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. यासाठी लागते ती वजाबाकी, आणि ‘असं का?’ विचारणारा सोबती.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो : ज्याला उशिरा सुचतं तो चारचौघांत ओशाळतो, आणि पुढे गणितालाच बिचकतो. हे खरं आहे. पण ही इजा कोड्याने होत नाही, ती घाईने होते. ज्याला आधीच सुचलं आहे त्याने गप्प राहावं, हवं तर कोडं आठवडाभर पडून राहू द्यावं, आणि विचारल्याशिवाय इशाराही देऊ नये. म्हणूनच तीन अंकी संख्येवर कापरेकरांची हीच वजाबाकी केली तर ती कुठे येऊन थांबते, हे मी इथे लिहीत नाही.