पाटलीचा दोरा

आमच्या सहधर्मचारिणीस गेली दोन वर्षे आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास, वांद्र्याच्या एका रुग्णालयात डायलिसिससाठी न्यावे लागते. गतवर्षी तपासणीच्या कागदावरील ‘क्रिअ‍ॅटिनिन’चा आकडा महिन्यामागून महिना उतरू लागला, तेव्हा आम्ही हर्षभराने पेढे आणले. काट्यावर वजनही स्थिर होते.

डॉक्टरांनी मात्र कागद बाजूस ठेवून तिचा दंड चाचपला व म्हणाले, “मास्तर, डायलिसिस पूर्वीइतकेच चालू आहे. हा आकडा मूत्रपिंडे सुधारल्याने नव्हे, स्नायू झिजल्याने उतरला आहे.”

क्रिअ‍ॅटिनिन स्नायूंतील क्रिअ‍ॅटिनपासून होते. शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने १८३२ साली मांसाच्या रश्श्यातून क्रिअ‍ॅटिन वेगळे केले व मांसवाचक ग्रीक शब्दावरून त्यास नाव दिले. आमच्या संस्कृतातील ‘क्रव्य’ त्या शब्दाचाच भाऊबंद! शब्द घरचा असूनही अर्थ आम्हांस उमगला नाही. स्नायूच घटले, तर क्रिअ‍ॅटिनिन येणार कोठून? ‘क्रिअ‍ॅटिन कायनेज’ या स्नायूंतील विकराचेही तसेच. स्नायूस इजा झाली की ते रक्तात वाढते. परंतु ते कमी आले म्हणजे सर्व कुशल, असे समजू नये. आणि वजन? गेलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतली होती.

दोष आमचाही होता. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डाळ-दूध मोजून देण्याची आज्ञा होती, ती आम्ही पुढेही निष्ठेने पाळली. वस्तुतः प्रत्येक खेपेस प्रथिनांचे घटक सुमारे ६ ते १२ ग्रॅम रक्तातून निघून जातात. म्हणून आता वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. डाळ-दुधात पोटॅशियम व फॉस्फरस असल्याने तेही बेतानेच. तेव्हा डॉक्टरांनी अंड्याचा पांढरा भाग सुचविला. आमच्या घरात क्षणभर कोणीच बोलेना. अखेर तीच म्हणाली, “अहो, औषधाला सोवळे-ओवळे कसले? पातेले तेवढे निराळे ठेवा.”

मेघदूत आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. यक्षाच्या हातातील कंकण गळाले ते कृशतेमुळे, हे मुलांकडून वदवून घेतले. घरी मात्र ढिली झालेली पाटली सरकू नये म्हणून तिने दोरा गुंडाळला, तो आम्हांस दिसला नाही.

हल्ली ती सकाळी तलावापर्यंत चालत जाते. आणि तपासणीचा कागद हाती आला, की आम्ही प्रथम तिचे मनगट पाहतो.